समुद्रतारांचे मार्ग आणि त्यांचे कागद : दोन ग्रंथांचें परीक्षण

इंटरनेट ही आकाशांत कोठें तरी तरंगणारी वस्तु आहे, असा समज चांगल्या सुशिक्षित मंडळींतही रूढ आहे. आणि व्यापाऱ्यांनीं ‘क्लाउड’ म्हणजे ढग हा शब्द प्रचारांत आणल्यापासून तो अधिकच बळावला आहे. वस्तुस्थिति याच्या अगदीं उलट आहे. समुद्रापलीकडे जाणारा जवळजवळ सर्व मजकूर समुद्राच्या तळाशीं पडलेल्या, बागेंत पाणी घालण्याच्या नळीएवढ्या जाडीच्या दोरांतून जातो. दोराच्या पोटांत केसासारखे बारीक कांचेचे तंतू असतात व त्यांतून प्रकाशाचे ठोके धांवतात. तंतूंभोंवतीं तांब्याची नळी असते. तिच्यांतून वीज खेळवून, ठराविक अंतरावर बसविलेलीं प्रकाशवर्धक यंत्रें चालू ठेवतात. दोर किनाऱ्यास लागतो तेथें ठाणें असतें, ठाण्यापासून शहरांतील विनिमयगृहापर्यंत जमिनीखालून वाट असते, आणि या प्रत्येक पायरीवर कोणाची तरी जागा, कोणाचा तरी परवाना व कोणाचें तरी भाडें असतें. जेथें मार्ग, ठाणें, परवाना आणि भाडें आहे तेथें कागद असलाच पाहिजे. आणि जेथें कागद आहे तेथें या त्रैमासिकाच्या वाचकांस बोलण्याचा अधिकार आहे.

म्हणूनच या विषयावरील दोन इंग्रजी ग्रंथांचें परीक्षण येथें करण्याचें योजिलें आहे. पहिला अँड्र्यू ब्लम यांचा ‘ट्यूब्ज’ (२०१२) व दुसरा निकोल स्टारोसिएल्स्की यांचा, ड्यूक विद्यापीठानें प्रसिद्ध केलेला ‘द अंडरसी नेटवर्क’ (२०१५). दोहोंसही दहा वर्षांवर काळ लोटला आहे. परंतु या विषयाकडे वळणारा वाचक अजूनही प्रथम याच दोन ग्रंथांपाशीं येतो, तेव्हां त्यांतील विधानें आपल्या कसोटीला लावून पाहणें अवश्य आहे.

ब्लम यांचा ग्रंथ हें मूलतः प्रवासवर्णन आहे. त्यांच्या घरामागील तार एका खारीनें कुरतडली, त्यामुळें घरचें इंटरनेट बंद पडलें, आणि ही तार पुढें जाते तरी कोठें असा प्रश्न पडून हे गृहस्थ घराबाहेर पडले. पहिलाच मुक्काम मिलवॉकी येथील एका छापखान्यांत! तेथें जगांतील दळणवळणाच्या तारांचा मोठा नकाशा छापला जात होता. मूळ वस्तु पाहण्यापूर्वीं तिचा नकाशा यंत्रांतून बाहेर पडतांना पाहावा, हें ज्याला सुचतें त्याच्याविषयीं आमच्या मनांत आपलेपणा उत्पन्न होतो. तेथून ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील आवारांत जातात. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं याच ठिकाणाहून पहिला संदेश निघाला होता. ‘लॉगिन’ हा शब्द धाडावयाचा होता. पहिलीं दोन अक्षरें पोंचलीं आणि यंत्र कोलमडलें. पुढें व्हर्जिनियांतील ॲशबर्न, फ्रँकफुर्ट, ॲम्स्टरडॅम व लंडन येथील विनिमयगृहें, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या तारा जेथें एका छपराखालीं एकमेकींस जोडल्या जातात त्या इमारती, त्यांनीं पाहिल्या. न्यूयॉर्कची ६०, हडसन स्ट्रीट ही अशीच एक इमारत. ती १९३० साली वेस्टर्न युनियन या तारायंत्राच्या कंपनीसाठीं उभारलेली आहे. जुन्या वाड्याचीच नवी कचेरी झाली, एवढें म्हटलें कीं आपल्या वाचकांस पुरे.

ग्रंथांतील आम्हांस सर्वांत आवडलेला भाग लिस्बनच्या दक्षिणेकडील किनाऱ्याचा. पश्चिम आफ्रिकेकडे जाणाऱ्या समुद्रतारेचें टोक जहाजावरून वाळूवर ओढून आणतांना ब्लम यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. दोरास तरंगते फुगे बांधलेले, पाण्यांत पाणबुडे, वाळूंत चर खणलेला, आणि एवढ्या मोठ्या कार्याला भोंवतीं मोजकींच माणसें. याच्या उलट चित्र ओरेगॉनांतील द डॅलेस येथील. गूगल कंपनीनें तेथें बांधलेल्या माहितीच्या कोठाराजवळ ते गेले, तेव्हां त्यांस जेवणघर दाखविण्यांत आलें व कोठार दाखविण्यांत आलें नाहीं. ही हकीकत ते रागावल्याशिवाय सांगतात, आणि ती तशी सांगितली म्हणूनच मनांत राहते.

एवढे गुण मान्य करूनही म्हणावें लागतें कीं ब्लम हे बखरकार आहेत. बखरकाराप्रमाणें त्यांचा डोळा चांगला आहे, माणसांचे स्वभाव त्यांस उमगतात. आणि बखरकाराप्रमाणेंच ज्याच्या घरीं उतरले त्याचें म्हणणें ते बहुधा खरें धरून चालतात. कंपनीचा अधिकारी तार येथून तेथें जाते असें सांगतो आणि ग्रंथांत तसें लिहिलें जातें. दुसरा कमीपणा असा कीं, टाटा कम्युनिकेशन्सचा उल्लेख ग्रंथांत महत्त्वाच्या ठिकाणीं येतो, पण ग्रंथकार लिस्बनपर्यंत येऊन थांबले, मुंबईस आले नाहींत. या कंपनीनें टायको कंपनीचें सुमारें ६०,००० किलोमीटरांचें समुद्रतारांचें जाळें १३ कोटि डॉलरांस विकत घेण्याचा करार २००४ साली केला व २००५ साली तें तिच्या ताब्यांत आलें. बांधणीला याच्या अनेक पटींनीं खर्च झाला होता. पृथ्वीभोंवतीं फिरलेल्या या तारांची मालकी मुंबईकडे कशी आली, याचे धागेदोरे लिस्बनच्या वाळूंत सांपडावयाचे नव्हते.

तोंडच्या हकीकतीला पडताळा कोणता, हा प्रश्न येथें साहजिकच उभा राहतो. पेशवाईंतील पत्रें ज्यांनीं हाताळलीं आहेत त्यांस ‘पौ’ हा शेरा परिचित आहे. पत्र केव्हां पोंचलें याची ती नोंद. लिहिल्याची मिति व पोंचल्याची मिति जुळवून जासूद किती दिवसांत आला हें निघतें, आणि जासूदजोडीच्या पायांना जें शक्य नाहीं तें एखाद्या पत्रांत आढळलें तर त्या पत्राकडे संशयानें पाहावें लागतें. इंटरनेटाच्या यंत्रज्ञांजवळ याच जातीचें एक साधन आहे. त्यास ट्रेसरूट म्हणतात. मजकुराच्या पाकिटाला आयुष्य नेमून द्यावयाचें. प्रत्येक नाक्यावर तें एकानें कमी होतें. संपलें कीं ज्या नाक्यावर संपलें तो नाका तशी वर्दी उलट धाडतो. आयुष्य एक, मग दोन, मग तीन असें वाढवीत गेलें म्हणजे वाटेंतल्या नाक्यांची यादी व प्रत्येकाचा वेळ हातीं येतो. कांचेंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई व लंडन यांमधील सरळ अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर. तेव्हां जाऊन येण्यास सेकंदाच्या ७२ सहस्रांशांहून कमी वेळ लागणें अशक्य. स्वतःला लंडनचा म्हणविणारा नाका मुंबईस दहा सहस्रांशांत जबाब देऊं लागला, तर तो लंडनांत नाहीं हें निश्चित समजावें, कंपनीचा कागद कांहींही म्हणो.

या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यानें नाके कळतात, रस्ता कळत नाहीं. दोन नाक्यांमधला मजकूर कोणत्या दोरांतून, कोणत्या समुद्रांतून आला हें त्यांत उमटत नाहीं. फार तर वेळ पाहून कांहीं मार्ग अशक्य ठरवितां येतात. पत्रावरील ‘पौ’ वरून जासूद कोणत्या घाटानें उतरला हें जसें समजत नाहीं तसेंच हें आहे. तथापि तोंडच्या हकीकतीला असा एक निःपक्षपाती साक्षीदार उपलब्ध असतां, दोन्ही ग्रंथांत या कसोटीला मिळावें तितकें स्थान मिळालेलें नाहीं.

आतां दुसऱ्या ग्रंथाकडे वळूं. स्टारोसिएल्स्की बाईंचा ग्रंथ अधिक तोलाचा आहे. त्यांचें क्षेत्र पॅसिफिक महासागर. हवाई, ग्वाम, फिजी इत्यादि बेटें त्यांनीं स्वतः फिरून पाहिलीं. ठाण्यांवरील नोकरांशीं त्या बोलल्या. मच्छिमार व तारकंपन्या यांचे तंटे त्यांनीं नोंदविले. त्यांचें मुख्य प्रतिपादन असें कीं, हें जाळें सर्वत्र सारखें पसरलेलें नसून मोजक्या वाटांवर एकवटलेलें आहे. शहरांपेक्षां ओसाड किनाऱ्यांवर व पाण्याखालीं त्याचा जीव आहे. तें भूमीला जखडलेलें व नाजूक आहे. आणि नव्या तारा बहुधा जुन्या तारांच्याच वाटेनें जातात. यांतील शेवटचें विधान इतिहासाभ्यासकांच्या विशेष कामाचें आहे, म्हणून त्याचाच येथें विचार करूं.

विधानास पुष्टि देणारीं उदाहरणें चांगलीं आहेत. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यांतील पोर्थकर्नो ही लहानशी खाडी घ्या. १८७० साली हिंदुस्थानकडे येणाऱ्या तारेचें इंग्लंडांतील टोक येथें लागलें, आणि १९९७ साली पुऱ्या झालेल्या, जपानपर्यंत सुमारें २८,००० किलोमीटर जाणाऱ्या ‘फ्लॅग’ नांवाच्या प्रकाशतंतूंच्या तारेचेंही टोक येथेंच लागलें. गंमत अशी कीं, १८७० ची तार घालणाऱ्या कंपनीचें नांव ‘फॉल्मथ, जिब्राल्टर अँड माल्टा टेलिग्राफ कंपनी’ असें होतें, आणि तार फॉल्मथला कधींच गेली नाहीं! फॉल्मथ हें गजबजलेलें बंदर. जहाजांच्या नांगरांनीं तार तुटेल या भीतीनें ऐन वेळीं पोर्थकर्नोची निवड झाली, पण नांव बदललें नाहीं. केवळ नांवावरून स्थळनिश्चय करणाऱ्यांनीं हें उदाहरण टिपून ठेवावें. मिसर देशांतही तसेंच: १८७० चा संदेश अलेक्झांड्रियाहून सुएझला जमिनीवरून जाई, आणि फ्लॅगही तोच पल्ला जमिनीवरून तोडतो. आपल्या पूर्व किनाऱ्यावर मद्रास–पेनांग ही तार १८७०-७१ च्या हंगामांतील. ११० वर्षांनीं, १९८१ साली, मद्रासहून टेलिफोनची समुद्रतार घातली गेली तीही पेनांगलाच.

मात्र पश्चिम किनाऱ्यावर येतांच हें सूत्र जसेंच्या तसें लागू पडत नाहीं. हिंदुस्थान व युरोप यांस जोडणारी पहिली टिकाऊ समुद्रतार मुंबईची नव्हे. १८६४ साली ती इराणच्या आखातांतून ग्वादर ते फाव अशी घातली गेली व कराचीस जोडली गेली. मुसंदमजवळच्या एका उजाड बेटावर तिचें ठाणें होतें; तें थोड्याच वर्षांत सोडून द्यावें लागलें, आणि ‘टेलिग्राफ आयलंड’ हें नांव मात्र बेटास चिकटून राहिलें. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य आगबोटीनें १८७० साली मुंबई–एडन तार घातली, आणि आखाताची वाट मागें पडली. पुढें १९२७ साली याहून मोठा फेरफार झाला. विलायतेशीं बीम पद्धतीचें बिनतारी दळणवळण सुरू झालें, आणि त्याचीं दोन ठाणीं खडकी व दौंड येथें, म्हणजे मुंबईच्या समुद्रापासून दूर पुणें जिल्ह्यांत, बसलीं. बिनतारी स्वस्त पडल्यामुळें सबंध साम्राज्यांतील समुद्रतारांच्या कंपन्या हैराण झाल्या व अखेर दोहोंचें एकीकरण करावें लागलें. १९५६ पासून अटलांटिकांत टेलिफोनच्या समुद्रतारांचें युग सुरू झालें, १९६३ साली पॅसिफिकांत कॉम्पॅक ही तार पुरी झाली, १९६७ साली सीकॉमनें सिंगापूर व हाँगकाँग ऑस्ट्रेलियास जोडलें. पण या जाळ्याच्या कक्षेंत आपला किनारा आला नाहीं. पश्चिम भारताचा परदेशी संदेश १९७१ पासून नारायणगांवजवळच्या आर्वी येथील उपग्रह-ठाण्यांतून आकाशमार्गें जाऊं लागला. १९९४ ची सी-मी-वी २ व १९९७ ची फ्लॅग या प्रकाशतंतूंच्या तारा आल्या, तेव्हां कोठें मुंबईच्या समुद्रानें आपलें जुनें स्थान परत मिळविलें.

तेव्हां तारायंत्र, टेलिफोन व प्रकाशतंतु अशी जी तीन युगांची मालिका या ग्रंथाच्या बुडाशीं आहे, तिच्यांतील मधली कडी मुंबईपुरती समुद्रांत नसून पुणें जिल्ह्याच्या माळावर आहे. पोथीचीं पहिलीं व शेवटचीं पानें एका वळणाचीं दिसलीं म्हणून मधलीं गहाळ पानेंही त्याच हातचीं होतीं असें आपण म्हणत नाहीं. मार्गांच्या बाबतींतही म्हणूं नये. पॅसिफिकांतील बेटांवरून काढलेलें सूत्र हिंदी महासागरावर घालण्यापूर्वीं प्रत्येक कडी स्वतंत्रपणें सिद्ध केली पाहिजे, आणि हें काम बाईंच्या ग्रंथानें केलेलें नाहीं. त्यांचा तो विषय नव्हता हें खरें. पण त्यांच्या मागून येणारे लेखक त्यांचें सूत्र सर्व समुद्रांना लावतात, म्हणून हें स्पष्ट लिहिणें प्राप्त झालें.

मग मुंबईंत टिकलें तें काय? आमच्या मतें दोर टिकला नाहीं, कचेरी टिकली. वंशावळ पाहा. मुंबई–एडन तारेची ब्रिटिश इंडियन सबमरीन टेलिग्राफ कंपनी १८७२ साली ईस्टर्न टेलिग्राफ कंपनींत विलीन झाली. बिनतारीशीं एकीकरण होऊन १९३२ साली इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली. १९४७ च्या आरंभीं ती सरकारनें घेतली व ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हें खातें बनलें. १९८६ साली त्याचें विदेश संचार निगम झालें. याच निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं भारतांत जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें. २००२ साली निगम टाटांकडे गेला व २००८ साली टाटा कम्युनिकेशन्स हें नांव पडलें. संदेश समुद्रांतून येवो, बिनतारीनें येवो कीं उपग्रहावरून येवो, तो उतरून घेण्याचा हक्क एकाच गादीकडे वारशानें चालत आला. प्रभादेवी व वर्सोवा येथें आज तारा वर येतात त्या केवळ तेथील वाळू सोयीची म्हणून नव्हे. परवाना, जागा, माहितगार माणसें व गिऱ्हाईक हें सर्व या शहरांत अगोदरपासून जमलेलें होतें. २०२२ च्या अखेरीस भारतांत १७ आंतरराष्ट्रीय समुद्रतारा १४ ठाण्यांवर उतरत होत्या. मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरीन व त्रिवेंद्रम या पांचच गांवीं, आणि त्यांतही पुढारपण मुंबई व चेन्नई यांचें, म्हणजे १८७० च्याच दोन दरवाजांचें. वर्सोव्याच्या लहानशा पट्ट्यांत अनेक तारांची दाटी झाली आहे. एकवटलेपणाविषयीं बाईंचें जें म्हणणें आहे तें येथें पूर्णपणें खरें ठरतें.

आणि नाजूकपणाविषयींचेंही. ३० जानेवारी २००८ रोजीं अलेक्झांड्रियानजीक दोन मोठ्या तारा तुटल्या व त्याची झळ भारतास थेट लागली. फेब्रुवारी २०२४ मध्यें तांबड्या समुद्रांत अनेक तारा तुटल्या. हल्ल्यांत सांपडून भरकटलेल्या ‘रुबीमार’ या जहाजाच्या फरफटत गेलेल्या नांगरानें हें घडलें असावें, असा निष्कर्ष निघाला. सप्टेंबर २०२५ मध्यें जेद्दानजीक पुन्हां तसाच प्रकार झाला. नांगराच्या भीतीनें फॉल्मथ सोडणाऱ्यांचा धोरणीपणा दीडशें वर्षांनींही जुना झालेला नाहीं.

आतां मुख्य तक्रारीकडे येऊं. १८७० च्या तारेविषयीं आपणांस जें समजतें तें कागद राहिले म्हणून समजतें. कंपन्यांचीं दप्तरें टिकलीं. पोर्थकर्नोच्या जुन्या ठाण्यांत संग्रहालय उभें राहिलें व ब्लम यांसही तेथें जावेंसें वाटलें. त्याही मागें जाऊन १८५८ ची अटलांटिक तार पाहा: उरलेला दोर न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यानें विकत घेऊन त्याचे चार चार इंचांचे तुकडे पितळी पट्ट्या बसवून विकले, आणि दोर अस्सल असल्याबद्दल सायरस फील्ड यांच्या सहीच्या पत्राची छापील नक्कल सोबत दिली. संग्राहकांस इतकें सुख क्वचितच लाभतें! उलट प्रकाशतंतूंच्या तारांची स्थिति पाहा. फ्लॅगची मालक कंपनी २००२ साली दिवाळखोरींत गेली, २००४ साली रिलायन्सकडे आली, २०१४ साली तिचें नांव बदललें व २०१९ साली ती पुन्हां दिवाळखोरींत गेली. प्रत्येक खेपेस कचेऱ्या हलतात, कपाटें रिकामीं होतात, आणि नव्या मालकास जुन्या करारांपैकीं चालू असतील तेवढेच हवे असतात. उतरणीचे परवाने, किनाऱ्याच्या जागांचे भाडेपट्टे, कोळीवाड्यांशीं झालेले लेखी-तोंडी ठराव, तळ मोजणाऱ्या जहाजांचे अहवाल हे खासगी कागद आहेत. कोणत्याही सरकारी दप्तरखान्यांत ते आपोआप येऊन पडणार नाहींत. दोन्ही ग्रंथकारांनीं नव्या काळासाठीं मुख्यतः मुलाखती व स्थलदर्शन यांवर भिस्त ठेवली आहे. त्यांत त्यांचा दोष थोडा. पण त्यांनीं हा अभाव अभाव म्हणून वाचकांसमोर ठेवावयास हवा होता. राजवाड्यांनीं १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढला त्या वेळीं मराठ्यांचें राज्य बुडून ऐंशी वर्षें झालीं होतीं, तरी रुमाल माळ्यांवर पडून होते. खडकी–दौंडच्या ठाण्यांस शंभर वर्षें होत आलीं आणि आर्वीस पन्नास उलटून गेलीं. फ्लॅगला तीसही झालीं नाहींत, पण कागदांच्या दृष्टीनें तिघांतील दुर्बळ तीच आहे, कारण तिचे बरेचसे कागद जन्मापासून यंत्रांतच राहिले.

एक साधन मात्र अजून हातचें गेलेलें नाहीं, आणि त्याचा उपयोग दोहोंपैकीं कोणीही केलेला नाहीं. नौकानयनाच्या नकाशांवर समुद्रतारा नागमोडी रेघेनें दाखविलेल्या असतात, त्या जागीं कोणी नांगर टाकूं नये म्हणून. आपल्या किनाऱ्याचे असे नकाशे डेहराडून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालय काढतें. नवी तार पडली, जुनी सोडून दिली कीं खलाशांना सूचना निघते, आणि जहाजावरचा अधिकारी त्या सूचनेप्रमाणें नकाशावर जांभळ्या शाईनें हातानें दुरुस्ती करून कडेला सूचनेचा क्रमांक व साल लिहितो. म्हणजे छापील नकाशावर हस्तलिखित, तेंही तारखेसह! अशा नकाशांची मालिका सालवार लावली तर वर्सोव्यापुढच्या समुद्रांत कोणती तार केव्हां आली व कोणती केव्हां पुसली गेली हें कोणत्याही कंपनीस न विचारतां सांगतां येईल. नवी आवृत्ति निघाली कीं जुना नकाशा रद्द ठरतो, आणि गेल्या कांहीं वर्षांत जहाजांवर विजेचे नकाशे सक्तीचे झाल्यामुळें कागदी नकाशे मागें पडत चालले आहेत. मुंबईंत दारुखाना येथें व काठेवाडांत आलंग येथें जुनीं जहाजें मोडीत निघतात. त्यांच्या नकाशाखोल्यांतील गठ्ठे लांकूडसामानाबरोबर उतरतात. मुंबईस राहणाऱ्या सभासदांनीं ते एकदां चाळून पाहावे, आणि जांभळ्या शाईच्या दुरुस्त्या असलेला पश्चिम किनाऱ्याचा कोणताही नकाशा, फाटका असला तरी, टाकूं देऊं नये.